मातृत्वाचा गौरव आणि मातेची उपेक्षा

स्नानसंस्काराच्या जेवणावळीत धर्मगुरूला मानाची खुर्ची मिळते आणि त्या खुर्चीवर बसून त्याला बरेच काही ऐकू येते. काही महिन्यांपूर्वी अशाच एका मांडवात बाळाचे वडील मित्रांना हसत हसत सांगत होते, "बाळंतपण झाल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. दूध उतू जातं, चाव्या हरवतात, बोलता बोलता रडायला लागते." मित्र हसले. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी त्यावर आपला अभिप्राय दिला, "आम्ही पाच पाच पोरं वाढवली. आईला काय शिकवावं लागतं? ते बाईच्या जातीला उपजतच असतं." साऱ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाळाची आई त्या वेळी आतल्या खोलीत होती.

घरी परतल्यावर मला माझ्या मान डोलावण्याची लाज वाटली. पहिल्या वाक्यात बाळंतिणीची थट्टा होती, दुसऱ्यात तिचा गौरव होता; परंतु दोहोंचा परिणाम एकच. डोके ठिकाणावर नसलेल्या बाईचे म्हणणे कुणी ऐकायचे नसते आणि ज्या बाईला सारे उपजतच येते तिला कुणी मदत करायची नसते. दोन्ही वाक्ये खोटी आहेत, हे मला ह्या लेखात दाखवायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती आपल्याला सोयीची आहेत म्हणून आपण ती टिकवून ठेवली आहेत, असा माझा आरोप आहे. आणि आरोपींमध्ये मी स्वतःला प्रथम धरतो.

येथे कुणी विचारील, संसार न केलेल्या माणसाने बाळंतपणावर का लिहावे? आक्षेप रास्त आहे. परंतु हाच माणूस मरियामातेच्या सणाला मातृत्वाच्या महतीवर अर्धा अर्धा तास प्रवचन देतो, तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचत नाही. ज्याला स्तुती करण्याचा अधिकार आहे, त्याला चौकशी करण्याचाही असावा.

प्रथम थट्टेचा समाचार घेऊ. २०१६ च्या अखेरीस स्पेन व नेदरलंड्समधील शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एल्सेलिने हुक्झेमा ह्या त्यांच्यातील प्रमुख संशोधिका. प्रथमच आई झालेल्या २५ स्त्रियांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा त्यांनी गर्भधारणेपूर्वी व प्रसूतीनंतर घेतल्या आणि मूल न झालेल्या २० स्त्रियांच्या प्रतिमांशी त्या ताडून पाहिल्या. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे आपण ज्यांच्या आधारे ओळखतो, अशा मेंदूच्या काही भागांतील करडे द्रव्य मातांमध्ये घटले होते. ही घट इतकी ठळक आणि सर्व मातांत इतकी सारखी होती की, केवळ प्रतिमांतील फरकावरून कोणती स्त्री गर्भवती होऊन गेली आणि कोणती नाही, हे संगणकाने एकदाही न चुकता ओळखले. दोन वर्षांनी पाहिले तेव्हाही बहुतांश बदल कायम होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत तर सहा वर्षांनंतरही त्याच्या खुणा सापडल्या.

करडे द्रव्य घटते हे ऐकून मांडवातील ते मित्र आणखी मोठ्याने हसतील. त्यांनी पुढचेही ऐकावे. त्याच अभ्यासात स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या गेल्या आणि मातांमध्ये घसरण आढळली नाही. आपल्या बाळाचे छायाचित्र पाहताना मातेच्या मेंदूतील जे भाग विशेष सचेत होत होते, त्यांतील काही नेमके हे घटलेलेच भाग होते. ज्या मातांमध्ये बदल अधिक होता, त्यांची बाळाशी जवळीकही अधिक दिसली. ह्याच क्षेत्रातील संशोधकांनी २०१९ साली गर्भारपणातील बदलांची तुलना किशोरवयातील मुलींच्या मेंदूशी केली, तेव्हा दोहोंत विलक्षण साम्य आढळले. वयात येणाऱ्या मुलीच्या मेंदूतही करडे द्रव्य घटते. तिची अक्कल गेली असे आपण म्हणत नाही, ती मोठी होत आहे असे म्हणतो. मोगऱ्याची छाटणी झाली की झाड उघडेबोडके दिसते, पण वाडीवाला त्याबद्दल रडत नाही; बहर कशाने येतो हे त्याला ठाऊक असते. मातेच्या मेंदूत अशीच काही छाटणी होत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

२०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ह्याहून बारकाईने पाहिले. एका शास्त्रज्ञ स्त्रीने स्वतःचाच मेंदू अभ्यासासाठी दिला. गर्भधारणेच्या तीन आठवडे आधीपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत तिच्या २६ प्रतिमा घेण्यात आल्या. आठवड्यामागून आठवडा, संप्रेरके चढत गेली तसे करडे द्रव्य मेंदूच्या बहुतेक भागांत उतरत गेले. त्याच काळात मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची बळकटी काही काळ वाढलेली दिसली. एकाच स्त्रीवरून साऱ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तथापि गर्भारपण हा केवळ पोटाचा विषय नाही, बाळाबरोबर बाळाची आईही घडत असते, एवढे सांगण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

मग विसरभोळेपणा हा निव्वळ भ्रम म्हणायचा का? तसेही नाही. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा गर्भारपणात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, स्मरणशक्ती थोडी मंदावते असे दिसले. पण ही घट सामान्य माणसाच्या मर्यादेतच राहणारी होती. प्रसूतीनंतर ह्यात जागरणाची भर पडते. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या कोणत्याही माणसाला चाव्या सापडणार नाहीत. चाव्या हरवल्याबद्दल पत्नीला हसणाऱ्या पतीने आधी एक आठवडा त्या चार वेळांपैकी दोन वेळा स्वतः उठून पाहावे आणि मग विनोद करावा.

आता गौरवाकडे वळू. मला हा अधिक घातक वाटतो, कारण त्याला धर्माचा वास येतो. आईपण उपजत असते, ते स्त्रीच्या रक्तातच असते, असे आपण म्हणतो तेव्हा आपण देवाच्या निर्मितीची स्तुती करीत आहोत असा आपला समज असतो. वस्तुतः आपण हात झटकत असतो. जिला पहिल्या दिवशी बाळाला पाजणे जमत नाही, जिला बाळ पाहून आनंदाचे भरते येत नाही, ती मुलगी ह्या वाक्यातून एकच अर्थ काढते: जे सर्वांना उपजत मिळते ते मला मिळाले नाही, म्हणजे मीच खोटी आई.

निसर्ग असे सांगत नाही. जे रोझेनब्लॅट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली दाखवून दिले की, कधीही न व्यालेल्या उंदरीला पिल्लांच्या सहवासात ठेवले तर साधारण आठवडाभरात ती त्यांना गोळा करू लागते, चाटू लागते, उबेला घेऊ लागते. नरसुद्धा तसे करू लागले. गर्भारपणाची संप्रेरके हे काम सोपे व त्वरित करतात ह्यात शंका नाही. परंतु सहवास आणि सेवा ह्यांनीही ते दार उघडते. माणसांच्या बाबतीत रूथ फेल्डमन ह्यांच्या इस्राएलमधील गटाने २०१४ साली आईबापांच्या मेंदूंचा अभ्यास केला. त्यात काही घरे अशी होती की जेथे आई नव्हती आणि पुरुषच बाळाचा मुख्य सांभाळ करीत होता. बाळाच्या काळजीने सजग होणारा अमिग्डाला हा मेंदूतील भाग त्या पुरुषांमध्ये मातांसारखाच जागा झालेला आढळला. शिवाय, जो बाप बाळाच्या सेवेत अधिक वेळ घालवीत होता, त्याच्या मेंदूतील संबंधित जोडण्याही अधिक बळकट दिसल्या.

ह्या संशोधनाचा एक अर्थ मला फार मोलाचा वाटतो. बाळाला दत्तक घेणारी आई ही दुय्यम आई नव्हे. अनाथालयात रात्र रात्र तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊन बसणारी धर्मभगिनी केवळ कर्तव्य करीत नसते. सेवा करणाऱ्याला सेवा आतून बदलते, हे आपण आजवर आध्यात्मिक अर्थाने सांगत आलो. ते देहाच्या पातळीवरही खरे आहे.

दुसरा अर्थ मात्र आम्हा पुरुषांना अडचणीचा आहे. 'मला बाळाचं काही जमत नाही' हे वाक्य आता निसर्गाच्या नावावर खपवता येणार नाही. जमत नाही, कारण तुम्ही केलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात, दोघांच्या समान पालकत्वात पुरुष हा स्त्रीचा विशेष ऋणी आहे आणि त्याला आपले पितृत्व पुष्कळ अंशी मातेकडून शिकावे लागते, अशी शिकवण दिली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० साली संत योसेफाविषयीच्या पत्रात म्हटले की, मूल जन्मास आल्याने कुणी आपोआप बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलल्याने होतो. आपल्या घराघरांत योसेफाची तसबीर आहे. त्या तसबिरीत बाळ कुणाच्या कडेवर आहे, हे एकदा नीट पाहावे.

आता मला जे सर्वांत कठीण वाटते ते सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आपल्या सुनेला माझ्याकडे आणले. बाळ दीड महिन्याचे. सून कुणाशी बोलत नव्हती, बाळाला घेत नव्हती, टक लावून बसत होती. बाहेरची बाधा असावी असा घरच्यांचा संशय होता. मी बाधेची समजूत खोडून काढली आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मग मी तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले, रोज जपमाळ करण्यास सांगितले, 'मरियामातेकडे पाहा, तिने किती सोसले' असे दोन शब्द ऐकवले आणि त्यांना घरी पाठवले. तीन महिन्यांनी तिला इस्पितळात दाखल करावे लागले. देवकृपेने आणि डॉक्टरांच्या उपचाराने ती बरी झाली, परंतु तिचे व बाळाचे एक वर्ष हरवले. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही एवढंच विचारलं असतंत ना, की तुला झोप लागते का, तरी मी सगळं सांगितलं असतं." हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तिला आदर्श दिला होता; तिला हवा होता तो डॉक्टर.

हा अपवाद नव्हे. २००२ साली डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नोंदवलेल्या २७० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांमध्ये नैराश्याचा आजार आढळला. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. कारणे कोणती? दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध, मारहाण, भूक. आणि मुलगी जन्मली असेल तर ह्या साऱ्यांचा भार बदलत होता. २०१७ साली भारतातील ३८ अभ्यास एकत्र केले असता हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील पाने उलटा आणि पाचवे पाचवे नाव मोजत जा.

प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच मातांना विनाकारण रडू येते. वार पडल्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एकदम कोसळतात, हे त्याचे एक कारण मानतात. हे रडू दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरते. ते ओसरले नाही, झोप उडाली, भूक मेली, बाळाविषयी वा स्वतःविषयी भयानक विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. हजारात एक-दोन मातांना भास व भ्रम होतात. तेथे एक दिवसाचाही विलंब परवडणारा नाही.

ह्यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, पूर्वी हे आजार नव्हते. होते, आपण त्यांना बाळंतवात म्हणत होतो, बाधा म्हणत होतो, किंवा 'तिचा स्वभावच तसा' म्हणत होतो. लुई-व्हिक्तोर मार्से ह्या फ्रेंच डॉक्टराने गर्भवती व बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर १८५८ सालीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आणि पूर्वीचा काळ सांगायचाच तर तो पुरता सांगावा: माहेरची पाठवणी, सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि बाळाला घ्यायला घरातले आठ हात. आज लाडू दुकानातून येतात आणि ते आठ हात मात्र येत नाहीत.

दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा: प्रार्थना पुरेशी आहे. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय त्यांनी काढून वाचावा. आजारात प्रार्थना करावी आणि मग वैद्याला जागा द्यावी, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असाच त्या अध्यायाचा आशय आहे. मेंदू हा देहाचाच अवयव आहे. मधुमेहाच्या रोग्याला आपण केवळ पवित्र पाणी देऊन परत पाठवीत नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: आईच्या प्रेमाचा उगम मेंदूत दाखवला तर त्या प्रेमाचे पावित्र्य कमी होत नाही काय? मला तसे वाटत नाही. देवकृपा निसर्गाला पुसून टाकीत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते, हे संत थॉमस अक्विनास ह्यांच्याकडून आम्ही सेमिनरीत शिकलो. शब्द देहधारी झाला असे मानणाऱ्यांनी देहाच्या सत्याला भिण्याचे कारण नाही.

एक भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यामुळे घरचे लोक डॉक्टरांकडे जात नाहीत: बाळ आईपासून तोडतील, दूध बंद करतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मातेपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ ह्यांना एकत्र दाखल करून घेणारा कक्ष आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजत असतानाही घेता येतात अशी औषधे आहेत. १४४१६ ह्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो.

धर्मग्रामाने काय करावे? जुन्या विधीत बाळंतीण पेटती मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराशी उभी राहत असे, आणि धर्मगुरू आपल्या स्टोलचे टोक तिच्या हाती देऊन तिला आत नेत असे. लोकांनी त्याला शुद्धीकरण समजून त्याचा विपर्यास केला, तरी मुळात तो उपकारस्तुतीचा विधी होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा आशीर्वाद स्नानसंस्काराच्या विधीत आला आणि त्यात पित्यालाही स्थान मिळाले. विधी सुधारला, मात्र धर्मगुरूने दाराशी जाऊन त्या एका स्त्रीला भेटायचे होते, ते राहून गेले. आता आपण छायाचित्रकाराला वाट करून देतो आणि पुढच्या बाळाकडे वळतो.

माझी मागणी साधी आहे. विवाहपूर्व वर्गात एक तास ह्या विषयाला द्यावा, आणि तो एखाद्या डॉक्टर भगिनीने घ्यावा, आम्ही नव्हे. स्नानसंस्काराची नोंदणी करायला पती आला तर आईची प्रकृती कशी आहे, तिला झोप मिळते का, हे त्याला विचारावे. प्रत्येक वाडीतील दोन अनुभवी स्त्रियांनी बाळंतिणीकडे पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा जावे. उपदेश करू नये, बाळ घ्यावे आणि तिला दोन तास झोपू द्यावे. मुलगी झाली म्हणून जेथे तोंडे पाडली जातात, तेथे धर्मगुरूने स्वतः जावे.

आपण जपमाळेत आनंदाचे दुसरे रहस्य म्हणतो. नुकतीच गर्भवती राहिलेली एक तरुण मुलगी डोंगराळ मुलुखात आपल्या उतारवयातील गर्भवती नातलगाकडे जाते. घरातले पुरुषमाणूस, जखऱ्या, त्या काळात मुके झालेले असते. मरिया अलिशिबेजवळ सुमारे तीन महिने राहिली, असे लूक सांगतो. त्या तीन महिन्यांत तिने काय केले हे त्याने लिहिलेले नाही, पण आपल्या आयाबायांना ते सांगावे लागत नाही. आम्ही पुरुष मात्र ते रहस्य म्हणून झाल्यावर जपमाळ खिशात ठेवतो आणि जेवायला बसतो.

त्या मांडवातील आईला मी नंतर भेटायला गेलो. तिला झोप लागते का, असे विचारले. ती बराच वेळ बोलत होती. तिचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता आणि ह्या खेपेस हसत नव्हता.